वैद्यकीय नीती: वर्गात किती, वॉर्डात किती?

एमबीबीएसला प्रवेश घेणारी मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची असते. नीटच्या तयारीत तिने फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीचे हजारो प्रश्न सोडवलेले असतात. घाबरलेल्या, वेदनेने कळवळणाऱ्या अनोळखी माणसाशी कसं बोलायचं, हे मात्र तिला कुणी शिकवलेलं नसतं. साडेचार वर्षांचं शिक्षण आणि एक वर्षाची इंटर्नशिप संपते आणि तीच मुलगी एखाद्या ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला एकटी डॉक्टर म्हणून उभी राहते. पेशंट गेल्याचं बाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांना तिनेच सांगायचं असतं. मारहाणीच्या प्रकरणात 'सर्टिफिकेट जरा सांभाळून लिहा' म्हणणाऱ्या गावपुढाऱ्याला तिनेच तोंड द्यायचं असतं. औषध कंपनीचा एमआर भेटवस्तू ठेवून जातो, तीही तिच्याच टेबलावर. अशा वेळी योग्य काय आणि ते निभवायचं कसं, हे ती शिकते कुठे?

आपल्याकडे बरीच वर्षं याचं उत्तर 'सिनियरकडे बघून' एवढंच होतं. न्यायवैद्यकशास्त्राच्या पुस्तकात डॉक्टरांच्या कर्तव्यांवर एखादं प्रकरण असे, व्हायवाला त्यावर एखादा प्रश्न येई आणि विषय तिथेच संपे. बेंगळुरूच्या सेंट जॉन्ससारख्या मोजक्या महाविद्यालयांनी हा विषय फार आधीपासून गांभीर्याने शिकवला, पण ते अपवाद होते. २०१८ मध्ये तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र अभ्यासक्रम तयार केला. कॉलेजांमध्ये त्याला 'एटकॉम' म्हणतात. ऑगस्ट २०१९ मध्ये दाखल झालेल्या तुकडीपासून तो देशभर लागू झाला. त्यात २७ मॉड्यूल्स आहेत आणि ती पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत विभागली आहेत. डॉक्टर असणं म्हणजे काय, पेशंट असणं म्हणजे काय, घरात कुणी आजारी असेल तर कुटुंबाचं काय होतं, असे प्रश्न आता वेळापत्रकात आले आहेत.

हा बदल मोठा आहे आणि मनापासून स्वागत करावा असा आहे. पण वर्गात शिकलेली नीती विद्यार्थी वॉर्डात तपासून पाहतो. तिथे तिच्या उलट घडताना दिसलं, तर तो वॉर्डावर विश्वास ठेवतो. म्हणून हा विषय शिकवायचा असेल, तर वॉर्डाचं वागणंही अभ्यासक्रमाचा भाग मानावं लागेल.

डिसेक्शन हॉलमधला पहिला धडा

एटकॉमचं पहिल्या वर्षातलं एक मॉड्यूल देहाबद्दल आहे: समोरचा मृतदेह हा आपला पहिला शिक्षक. अनेक महाविद्यालयांत डिसेक्शन सुरू होण्याआधी विद्यार्थी शपथ घेतात, देहाला फुलं वाहतात. काही ठिकाणी देहदान करणाऱ्यांच्या कुटुंबीयांना बोलावून त्यांचा सन्मान होतो. फॉर्मॅलिनचा वास अजून नाकात बसत नसतो, हातमोज्यातले हात थरथरत असतात. अशा वेळी 'हे गृहस्थ शाळेत शिक्षक होते' असं त्यांच्या मुलीच्या तोंडून ऐकलं, की टेबलाकडे बघण्याची नजर बदलते. पुढे कितीही वेळा चाकू चालवला, तरी त्या देहाची थट्टा करावीशी वाटत नाही.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि चांगला शिक्षक तो टाळत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्यानुसार बेवारस मृतदेहही शिक्षणासाठी महाविद्यालयांना देता येतात. म्हणजे एकाच हॉलमध्ये शेजारशेजारच्या दोन टेबलांवर दोन वेगळ्या कहाण्या असू शकतात. एकाने जिवंतपणी विचार करून, घरच्यांशी बोलून देह दिलेला असतो. दुसऱ्याला कुणी काही विचारलेलंच नसतं. रस्त्यावर किंवा रुग्णालयात मरण आलं आणि न्यायला कुणी आलं नाही, एवढंच. शिकायला दोघांचाही उपयोग होतो. पण दुसऱ्याचं ऋण कसं मोजायचं? गरीब आणि एकट्या माणसाच्या शरीरावर शिकूनच आपण डॉक्टर होतो, ही जाणीव पहिल्याच वर्षी झाली, तर पुढे सरकारी रुग्णालयातल्या खाटेवरचा पेशंट 'शिकण्यासाठी मिळालेली केस' वाटत नाही. संमती ही गोष्ट फॉर्मवर येण्याआधी तिथे, त्या टेबलापाशी समजू शकते.

'बाबांना सांगू नका'

वैद्यकीय नीतीच्या वर्गात चार तत्त्वं हमखास शिकवली जातात. टॉम बोशाँ आणि जेम्स चिल्ड्रेस या अमेरिकी अभ्यासकांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात ती मांडली: पेशंटचा स्वतःबद्दल निर्णय घेण्याचा हक्क, त्याचं भलं करणं, त्याला इजा होऊ न देणं आणि सगळ्यांशी न्यायाने वागणं. पाठ करायला ती सोपी आहेत. अडचण येते ती दोन तत्त्वं एकमेकांसमोर उभी राहतात तेव्हा.

आपल्याकडच्या कुठल्याही कॅन्सर ओपीडीत घडणारा प्रसंग घ्या. रिपोर्ट आलेला आहे. सत्तरीतले गृहस्थ बाहेर बाकावर बसले आहेत. मुलगा आत येऊन दार लोटून घेतो आणि म्हणतो, "डॉक्टर, बाबांना कॅन्सरचं काही बोलू नका. ते खचतील. साधी गाठ आहे, एवढंच सांगा." मुलाच्या बोलण्यात प्रेम आहे, भीती आहे. शरीर मात्र वडिलांचं आहे. ऑपरेशन करायचं का, किमो घ्यायची का, शेतीची वाटणी आत्ता करायची का, हे त्यांनी ठरवायचं आहे.

हा पेच आजचा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दिलेल्या उपदेशात रुग्णाच्या घरातली गोष्ट बाहेर न बोलण्याची आज्ञा आहे. मृत्यू जवळ आल्याचं कळलं, तरी ज्याने रुग्णाला किंवा इतरांना धक्का बसेल तिथे ते बोलू नये, असंही तिथे सांगितलं आहे. त्याच उपदेशात राजाचा रोष असलेल्या माणसावर उपचार करू नयेत असंही आहे, जे आज आपण मान्य करणार नाही. परंपरेतून काय घ्यायचं आणि काय मागे ठेवायचं, याचा विचार विद्यार्थ्यांनी करायला हवा, तो यासाठी. भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची आचारसंहिता सांगते की आजाराचं गांभीर्य डॉक्टरने वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. पेशंटच्या आणि कुटुंबाच्या हिताची माहिती पेशंटला, नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना मिळेल हे पाहावं. म्हणजे नियमातही कुटुंबाला जागा आहे. कुणाला, किती, कधी सांगायचं, हे डॉक्टरला स्वतःच्या विवेकाने ठरवावं लागतं. विवेकाला सराव लागतो.

तो सराव करून घेता येतो. वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची एक पद्धत कॅन्सरतज्ज्ञांनी २००० मध्ये प्रसिद्ध केली आणि आज ती जगभर शिकवली जाते. निवांत जागा शोधा आणि बसा. पेशंटला काय ठाऊक आहे ते विचारा. त्याला किती जाणून घ्यायचं आहे ते विचारा. साध्या शब्दांत सांगा. त्याच्या भावनेला वाट द्या. मग पुढचं ठरवा. वर्गात एक विद्यार्थी डॉक्टर होतो, एक मुलगा, एक वडील, बाकीचे बघतात. 'डॉक्टर' झालेला विद्यार्थी पहिल्या खेपेला बहुधा घाईघाईने पाच मिनिटं एकटाच बोलतो. शिक्षक त्याला थांबवतात आणि मुलाला एक प्रश्न विचारायला सांगतात: "त्यांना कळलं तर काय होईल अशी भीती वाटते तुम्हाला?" मग वडिलांकडे वळायला सांगतात: "काका, तुमचे रिपोर्ट आलेत. सगळं तुम्हाला स्वतः ऐकायचंय, की आधी मुलाशी बोललेलं चालेल?" या एका प्रश्नाने निर्णय वडिलांच्या हातात येतो. त्यांनी 'मुलाशी बोला' म्हटलं, तर तोही त्यांचाच निर्णय असतो. अनेकदा वडिलांना सगळं आधीच उमगलेलं असतं. मुलाला वाईट वाटेल म्हणून तेही गप्प असतात.

राउंडवर काय शिकलं जातं

आता हाच विद्यार्थी वॉर्डात पोस्टिंगला येतो. सकाळचा राउंड चालू आहे. सर, दोन लेक्चरर, रेसिडेंट, इंटर्न आणि मागे वीस विद्यार्थी. 'बेड नंबर चौदा'पाशी सगळे थांबतात. खाटेवर मध्यमवयीन बाई. पडदा ओढलेला नाही. तिला नाव न विचारता पदर बाजूला केला जातो, पोट दाबून यकृताची कड दाखवली जाते, सात-आठ विद्यार्थी आळीपाळीने हात लावून बघतात. निदानावर इंग्रजीत चर्चा होते. बाई एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत राहते. राउंड पुढे सरकतो. विद्यार्थी यकृत तपासायला शिकले. त्याच दहा मिनिटांत ते आणखीही काही शिकले: गरीब बाईच्या लाजेची दखल घ्यायची गरज नसते आणि तिच्याविषयी तिच्यासमोर बोललं तरी तिला सांगावं लागत नाही.

फ्रेडरिक हॅफर्टी आणि रोनाल्ड फ्रँक्स यांनी १९९४ मध्ये याला छुपा अभ्यासक्रम म्हटलं. विद्यार्थी कुणाची वाहवा होते, कुणाला ओरडा बसतो, काय चालवून घेतलं जातं हे बघत असतात आणि त्यावरून व्यवसायाची खरी मूल्यं ओळखतात, असं त्यांचं म्हणणं होतं. फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजात मोहम्मदरेझा होजत आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या सहानुभूतीचं वर्षागणिक मोजमाप केलं. २००९ च्या त्यांच्या निबंधानुसार पहिली दोन वर्षं ती टिकून होती आणि तिसऱ्या वर्षी लक्षणीय घसरली. तिथे तिसरं वर्ष म्हणजे विद्यार्थी पूर्ण वेळ वॉर्डात जाण्याचं वर्ष. विद्यार्थ्यांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीवर आधारलेला अभ्यास म्हणून त्याच्या मर्यादा लक्षात घेऊ, पण पेशंटच्या सर्वांत जवळ जाण्याच्या काळातच ही घसरण दिसावी, हे विचार करायला लावणारं आहे.

कन्सेंट फॉर्मचंच पाहा. 'जा, सही घेऊन ये' असं सांगून इंटर्नला पाठवलं जातं. त्याला स्वतःला ऑपरेशन नीट ठाऊक नसतं. इंग्रजी छापील कागद, खाली पेनाने केलेली फुली, "इथे सही करा, काका." अंगठा उमटतो, काम होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात संमतीचा अर्थ स्वच्छ सांगितला आहे. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका महिलेचं गर्भाशय आणि बीजांडकोश तिच्या आईच्या संमतीवरून काढले गेले होते. न्यायालय म्हणालं की तपासणीला दिलेली संमती ही उपचाराची संमती नव्हे आणि जीव धोक्यात नसताना सज्ञान स्त्रीच्या वतीने आईला होकार देता येत नाही. हा निकाल विद्यार्थी परीक्षेत बरोबर लिहितात. पण सही 'आणायची' असते, हे त्यांच्या हाताला वॉर्डात वळण लागलेलं असतं.

घाई आणि थकवा

या सगळ्याचा दोष विद्यार्थ्यांच्या स्वभावावर टाकणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. प्रिन्स्टनमध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे फार उपयोगी पडतो. धर्मोपदेशक होण्याचं शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण करायचं होतं. त्यांतल्या काहींचा विषय होता बायबलमधली, वाटेत जखमी पडलेल्या अनोळख्याला मदत करणाऱ्या भल्या माणसाची गोष्ट. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला असेल अशी व्यवस्था केली होती. ज्यांच्याकडे भरपूर वेळ होता, त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. 'उशीर झालाय, पळा' असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यातले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता, याने फारसा फरक पडला नाही.

आपल्या रेसिडेंट डॉक्टरची अवस्था त्या घाईतल्या विद्यार्थ्यासारखी असते. निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ४८ तासांच्या कामाची अपेक्षा केंद्राच्या १९९२ च्या निर्देशांतच आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांत सलग ३६ तासांची ड्युटी आजही नवलाची नाही. दोन रात्री न झोपलेला डॉक्टर एखाद्या आजीवर खेकसतो तेव्हा त्याला नीतीचं व्याख्यान ऐकवून काय होणार? त्याला झोप, जेवण आणि हाताखाली पुरेशी माणसं देणं हाही नीतिशिक्षणाचाच भाग आहे. प्रशासनाने ते टाळायचं आणि विद्यार्थ्याकडून करुणेची अपेक्षा करायची, हे बरोबर नाही.

पुस्तकच चुकतं तेव्हा

कधी कधी चूक वॉर्डाच्याही आधी, पुस्तकात असते. बलात्कारपीडित स्त्रीची 'टू फिंगर टेस्ट' आणि कौमार्याची तथाकथित लक्षणं न्यायवैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. या चाचणीला शास्त्रीय आधार नाही आणि ती त्या स्त्रीची दुसऱ्यांदा विटंबना आहे, हे मांडणाऱ्यांत सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर अग्रभागी होते. त्यांच्या पाठपुराव्यानंतर २०१९ मध्ये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने कौमार्याच्या लक्षणांचा भाग अभ्यासक्रमातून वगळला. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी करणाऱ्याला गैरवर्तनाबद्दल दोषी धरण्याचा आणि ती अभ्यासक्रमातून काढण्याचा आदेश दिला. तरीही २०२४ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात कौमार्याचा आणि समलैंगिकतेला गुन्ह्याच्या यादीत बसवणारा जुना मजकूर पुन्हा डोकावला. देशभरातून आक्षेप आल्यावर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने काही दिवसांतच तो अभ्यासक्रम मागे घेतला. यावरून दोन गोष्टी कळतात: शिकवलेलं चूक असू शकतं आणि एका शिक्षकाने चिकाटी धरली तर ते बदलता येतं. दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवी.

हे मोजता येतं का?

'नीती काय शिकवायची, ती घरातून यावी लागते' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मॅक्सीन पापाडाकिस आणि सहकाऱ्यांचा २००५ चा अमेरिकेतला अभ्यास त्यांनी पाहावा. शिस्तभंगाची कारवाई झालेल्या २३५ डॉक्टरांची कॉलेजमधली जुनी कागदपत्रं त्यांनी काढली आणि तशी कारवाई न झालेल्या डॉक्टरांशी ताडून पाहिली. विद्यार्थिदशेत गैरवर्तनाची नोंद असलेल्यांवर पुढे कारवाई होण्याची शक्यता सुमारे तिप्पट आढळली. सर्वांत ठळक संबंध होता तो बेजबाबदारपणाशी आणि चूक दाखवली तरी सुधारणा न करण्याशी. परीक्षेतल्या कमी गुणांचा संबंध त्यामानाने कमकुवत होता. म्हणजे धोक्याची खूण कॉलेजातच दिसते. तिथे ती बघायला कुणी असेल, तर वेळेत हात देता येतो.

ती बघायची कुणी? फक्त प्राध्यापकांनी नव्हे. विद्यार्थी सरांसमोर एक वागतो आणि रात्री दोन वाजता सिस्टरशी, वॉर्डातल्या मामांशी, मावशींशी दुसरं. म्हणून नर्स, सहकारी आणि पेशंट या सगळ्यांकडून अभिप्राय घेण्याची पद्धत अनेक देशांत रुळली आहे. आपल्याकडे एटकॉमचं मूल्यमापन लॉगबुकातल्या चिंतनावर अडकून पडलं, तर सिनियरच्या वहीवरून ते उतरवलं जाण्याचा धोका आहे.

जमलेलं, जमणारं

या बाबतीत महाराष्ट्राच्या हाती बरंच आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या सेवाग्रामच्या संस्थेत नव्या विद्यार्थ्यांचे पहिले दिवस गांधीजींच्या आश्रमात जातात. प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, विद्यार्थी तिथे मुक्काम करतात आणि वाट्याला आलेल्या कुटुंबांच्या आरोग्याकडे पुढेही लक्ष ठेवतात. पेशंटच्या चुलीवर काय शिजतं हे पाहिलेला विद्यार्थी 'औषध का घेतलं नाही?' असं दरडावून विचारत नाही. २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कुटुंब दत्तक घेण्याचा कार्यक्रम सगळ्याच महाविद्यालयांना लागू केला, तेव्हा सेवाग्रामची ही वाट देशाची झाली. मुंबईत काही डॉक्टरांनी एकत्र येऊन १९९३ मध्ये वैद्यकीय नीतीला वाहिलेलं नियतकालिक सुरू केलं. आज ते 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' म्हणून ओळखलं जातं. डॉ. अरुण गद्रे यांनी देशभरातल्या ७८ डॉक्टरांशी बोलून कट प्रॅक्टिस, अनावश्यक तपासण्या आणि कॉर्पोरेट रुग्णालयांतलं 'टार्गेट' यांविषयी त्यांचेच अनुभव समोर आणले. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देणं-घेणं २००२ च्या आचारसंहितेनुसार गैर आहे. पण प्रॅक्टिस सुरू करताना 'तीस टक्के' म्हणणाऱ्या लॅबवाल्याला नाही कसं म्हणायचं आणि नाही म्हणून टिकायचं कसं, हे तिथे लिहिलेलं नाही. ते शिकवायला अशी टिकलेली माणसं वर्गात बोलवावी लागतील. ती प्रत्येक जिल्ह्यात आहेत.

वॉर्ड बदलायला मोठा निधी लागत नाही. राउंडवर सरांनी पेशंटला नावाने हाक मारावी, पडदा ओढायला लावावा, तपासण्याआधी विचारावं आणि शेवटी मराठीत दोन वाक्यांत काय चाललंय ते सांगावं. विद्यार्थ्यांसमोर कबूल करावं की हा निर्णय अवघड होता आणि मी तो असा घेतला. संमती घ्यायची ती ऑपरेशन करणाऱ्याने किंवा ते समजावू शकणाऱ्याने, विद्यार्थ्याला शेजारी उभं करून. सरांचं चुकलं असं एखाद्या इंटर्नला वाटलं, तर ते बोलून दाखवण्याची आणि त्याचे गुण सुरक्षित राहण्याची सोय असावी. प्राध्यापकाच्या बढतीत शोधनिबंधांबरोबर वॉर्डातल्या वागण्याचीही नोंद व्हावी.

देशात दरवर्षी एक लाखाहून अधिक मुलंमुली एमबीबीएसला दाखल होतात. पुढची चाळीस वर्षं आपण त्यांच्यासमोर असहाय अवस्थेत, शर्टाची बटणं सोडून बसणार आहोत. पाठ केलेली चार तत्त्वं त्यांना उपयोगी पडतील. त्याहून जास्त उपयोगी पडेल तो एखाद्या सरांचा किंवा मॅडमचा राउंड, ज्यात त्यांनी ती तत्त्वं पाळली जाताना रोज पाहिली असतील. असे राउंड घेणारे शिक्षक प्रत्येक महाविद्यालयात आहेत. ते शोधणं, त्यांच्या युनिटमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला पाठवणं आणि त्यांचं अनुकरण करणं इतरांवर बंधनकारक करणं, हे अधिष्ठात्यांना याच सत्रापासून करता येईल.